वॉर्डाच्या कपाटाची चावी

सकाळी सहा-साडेसहाला बेलपाड्याच्या मेट्रो स्टेशनाकडे जाणाऱ्या मुलींमध्ये नर्स कोणती, हे मला आता लांबून ओळखता येते. खांद्याला जड पिशवी, पायात आवाज न करणारे बूट, स्कार्फ टाचणीने पक्का केलेला. काही ड्यूटीवर निघालेल्या असतात, काही नाइट करून परत येत असतात. खारघर, कामोठे, कळंबोली, बेलापूर या पट्ट्यात इतकी रुग्णालये झाली आहेत की आमच्याकडे दर दोन इमारतींआड एखादी सिस्टर राहते. त्यांत आपल्या मुलीही पुष्कळ आहेत. कुणी तळोज्याची, कुणी पनवेलच्या मोहल्ल्यातली, कुणी म्हसळा-श्रीवर्धनहून शिकायला येऊन इथेच राहिलेली.

मी शिकवायला लागले तेव्हा बारावीच्या मुलीला नर्सिंगला पाठवा म्हटले की वडील मान फिरवत. रात्रपाळी, परके पुरुष, लोक काय म्हणतील. मग मी हजरत रुफैदा (रजि.) यांची गोष्ट काढायची. मदिनेत मस्जिदे नबवीच्या आवारात त्यांचा तंबू होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना त्याच तंबूत शुश्रूषेसाठी ठेवले गेले होते. या गोष्टीने दोन-चार वडील तरी विरघळले असतील. आता कुणाला समजवावे लागत नाही. पगार लवकर सुरू होतो, आखातात जाता येते, आणि मुलगी सिस्टर आहे हे सांगताना अम्मीची मान ताठ असते.

म्हणूनच आज जे लिहिते आहे ते आपल्या घरांत बोलले जात नाही. त्या मुलीच्या आणि तिच्या अम्मीच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

ती माझी विद्यार्थिनी. मराठीच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. जीएनएम केले, एका खासगी रुग्णालयात लागली. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिची अम्मी एक लिफाफा घेऊन माझ्या घरी आली. "टीचर, इंग्लिशमध्ये आहे, एवढं वाचून द्या." आत दोन कागद होते. एक राजीनामा, कारण वैयक्तिक. दुसरे अनुभवाचे प्रमाणपत्र, त्यात काम समाधानकारक आणि वर्तणूक चांगली असल्याचे लिहिले होते. मी वाचून दाखवले तेव्हा त्या माऊलीने दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, "शुक्र आहे. इज्जतीत निभावलं."

मग हळूहळू सगळे सांगितले.

मुलगी इंजेक्शन घेत होती. बाहेरून विकत आणलेले नव्हे, वॉर्डातले, पेशंटचे. पेंटाझोसिन, ज्याला दवाखान्यात सगळे फोर्टविन म्हणतात. ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर दुखणे थांबवायला देतात. एका पेशंटला उचलून दुसऱ्या पलंगावर घेताना तिच्या कमरेत उसण भरली होती. नाइट होती, तीस खाटांना दोघी सिस्टर. बरोबरच्या वयाने मोठ्या सिस्टरने उरलेले अर्धे अँप्युल तिला टोचले आणि म्हणाली, पड अर्धा तास. "कमर तर थांबलीच," मुलीने नंतर मला सांगितले, "पण टीचर, डोक्यातला सगळा आवाजही थांबला." पुढचे आठ महिने त्या शांततेच्या मागे गेले. मांडीची कातडी ठिकठिकाणी लाकडासारखी कडक झाली, एका जागी जखम भरेना. पेंटाझोसिन पुन्हा पुन्हा टोचले की असे होते.

औषध कुठून यायचे? डॉक्टरांची ऑर्डर पूर्ण अँप्युलची असे. ती पेशंटला अर्धे देई, अर्धे स्वतःला. रजिस्टरमध्ये पूर्ण दिल्याची नोंद. काही रात्री तिने पेशंटला नुसते सलाईनचे पाणीच टोचले. खुब्याचे हाड मोडलेल्या एका म्हाताऱ्या बाबांचा मुलगा एका सकाळी इन्चार्ज सिस्टरला म्हणाला, वडील ठरावीक रात्रीच का विव्हळतात? इन्चार्जने तारखा आणि ड्यूटीचा तक्ता शेजारी ठेवला. दुपारपर्यंत सगळे उघड झाले. संध्याकाळपर्यंत राजीनामा, प्रमाणपत्र आणि एक तोंडी करार: तुम्ही बाहेर बोलू नका, आम्हीही बोलणार नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मेट्रन राहतात. सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षे काढलेल्या. सगळी इमारत त्यांना आपा म्हणते. मुलीच्या अम्मीला विचारून मी त्यांना वर बोलावले. आपांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "त्या बाबांना कुणी सांगितलं का?"

मुलीची अम्मी गोंधळली. कोणते बाबा?

"ज्यांना पाणी टोचलं ते."

कुणीच सांगितले नव्हते. घरी रडारड झाली होती, मुलीचे निकाहाचे वय, भावाची नाराजी, कुवेतला असलेल्या वडिलांना कळवायचे की नाही, या सगळ्यावर चर्चा झाली होती. त्या बाबांचा विषय एकदाही निघाला नव्हता. आपांचा राग मुलीवर कमी आणि दुसऱ्या कागदावर जास्त होता. "वर्तणूक चांगली," त्या म्हणाल्या, "हे लिहिणाऱ्याने पुढच्या दवाखान्यातल्या पेशंटची चिठ्ठी फाडली आहे."

ही अतिशयोक्ती नव्हती. तीन दिवसांत मुलीला दुसऱ्या नर्सिंग होममधून फोन आला होता. पगार जास्त. काम आयसीयूत, तेही रात्रीचे.

आपांनी मला त्या संध्याकाळी चावीचा हिशोब समजावला. शाळेत प्रश्नपत्रिकांचे कपाट असते, त्यापेक्षा कितीतरी कडक. मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधे दुहेरी कुलपात. चावी इन्चार्जच्या अंगावर. एक अँप्युल बाहेर आले की रजिस्टरमध्ये पेशंटचे नाव, वेळ, मात्रा, दोघींच्या सह्या. उरलेले औषध दुसरीच्या डोळ्यांसमोर ओतून टाकायचे. रिकामे अँप्युल मोजून परत द्यायचे. पाळी बदलताना दोघींनी मिळून मोजणी. हे सगळे कागदावर असते. "कागदावर सह्या दोन असतात," आपा म्हणाल्या, "रात्री तीन वाजता जागेवर एकच असते. दुसरी सकाळी येऊन सही करते. चोरी तिथून आत येते." पेंटाझोसिनचे तर छोट्या नर्सिंग होममध्ये सलाईनच्या बाटल्यांबरोबर उघड्या रॅकवर असणेही त्यांनी पाहिले होते. कायद्याने ते मनःप्रभावी द्रव्य आहे आणि औषध दुकानदाराने त्याची वेगळी नोंदवही ठेवायची असते, तरीही.

खुणाही सांगितल्या. दुखण्याचे इंजेक्शन मी देते म्हणून पुढे येणारी. स्वतःहून नाइट मागून घेणारी. उकाड्यात पूर्ण बाहीचे घालणारी. ड्यूटी संपूनही वॉर्डात रेंगाळणारी. आणि जिच्या पाळीत पेशंटचे दुखणे थांबत नाही, ती. यातली एखादी गोष्ट चांगल्या नर्समध्येही असते, म्हणून नुसत्या संशयावर कुणाचे नाव घ्यायचे नाही. आधी मोजणी करायची. हे आपांनी दोनदा बजावले.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. आपल्या राज्यात नर्सची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. गैरवर्तन झाले तर कौन्सिल चौकशी करून ताकीद देऊ शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला. त्यात राज्य आयोग, नीतिमत्ता आणि नोंदणी मंडळ, त्यांच्याकडे अपील आणि देशभराची एक नोंदवही अशी रचना आहे. म्हणजे शिस्तीचे दार आहे. पण त्या दारापर्यंत प्रकरण न्यायला आधी कुणीतरी लेखी तक्रार करावी लागते, आणि तिथेच सगळे अडते. रुग्णालयाला नाव खराब होण्याची भीती, पेशंट भरपाई मागेल याची भीती. घरच्यांना निकाहाची आणि परदेशाची. कारण बाहेर नोकरीला जायचे तर कौन्सिलचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. दोन भीती एकत्र आल्या की एक राजीनामा तयार होतो.

असा राजीनामा पुढे काय करतो, याचे अमेरिकेतले एक उदाहरण न्यायालयात सिद्ध झालेले आहे. डेव्हिड क्वियाटकोव्स्की नावाचा माणूस हृदयविकाराच्या विभागात तंत्रज्ञ होता. नर्स नव्हता, पण औषध त्याच्या हाताशी असे. पेशंटसाठी भरून ठेवलेली फेंटानिलची सिरिंज उचलायचा, स्वतःला टोचायचा आणि तीच पाण्याने भरून परत ठेवायचा. त्याला हिपॅटायटिस सी होता. २००८ मध्ये पेन्सिल्वेनियात पकडला गेला, २०१० मध्ये ॲरिझोनात रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात बेशुद्ध सापडला. दर वेळी एक रुग्णालय सुटले आणि दुसऱ्याने त्याला घेतले. शेवटी २०१२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटर रुग्णालयात पेशंटना एकाच प्रकारची लागण दिसू लागली तेव्हा साखळी सापडली. त्या एका रुग्णालयातच ३२ पेशंटना आजार झाला होता, इतर राज्यांतले वेगळे. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी त्याला गुपचूप जाऊ दिले त्यांनी त्याच्यावरही दया केली असे मला वाटत नाही. २००८ मध्येच कुणी हात धरून उपचाराला नेले असते तर तो आज तुरुंगात नसता.

मुलीच्या अम्मीने मात्र दीनचा आधार पुढे केला. "आपा, दुसऱ्याचा ऐब झाकणाऱ्याचा ऐब अल्लाह कयामतच्या दिवशी झाकेल, असं आपणच ऐकलंय ना? मग तुम्ही उघडं करायला का निघालात?"

प्रश्न खरा होता. आपल्या घरांत हा आधार नेहमी घेतला जातो आणि हदीस सहीह आहे. मी त्या रात्री पुस्तके काढून बसले. इमाम नववी यांनी याच हदीसवर लिहिताना फरक केला आहे. होऊन गेलेला गुन्हा झाकावा. जो चालू आहे आणि ज्याने दुसऱ्याला इजा होते आहे, तो थांबवणे भाग आहे, आणि स्वतःच्याने थांबत नसेल तर जबाबदार माणसाला सांगणे भाग आहे. त्यांच्या रियाजुस्सालिहीनमध्ये पाठीमागे बोलण्याला परवानगी असलेले सहा प्रसंग दिले आहेत, त्यांत लोकांना अपायापासून सावध करणे हा एक आहे. झाकण्याचा हुकूम शेजारणीच्या कानापासून झाकण्यासाठी आहे. ज्याच्या रक्तात सुई जाणार त्याच्यापासून झाकण्यासाठी तो कसा असेल? पेशंट झोपेत हात पुढे करतो. याहून मोठी अमानत मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट त्या रात्री सापडली ती माझ्या मनात घर करून आहे. सहीह बुखारीत आहे. एका माणसाला दारू प्यायल्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे पुन्हा पुन्हा आणले जाई आणि शिक्षा होई. हा माणूस प्रेषितांना हसवणाराही होता. एकदा शिक्षा झाल्यावर जमलेल्यांपैकी कुणीतरी त्याच्यावर लानत केली. प्रेषितांनी ताबडतोब अडवले. त्याच्यावर लानत करू नका, तो अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, असा त्या बोलण्याचा आशय आहे. शिक्षा माफ झाली नव्हती. आणि माणूस जमातीतून बाहेरही टाकला गेला नव्हता. आपण नेमके उलटे करतो. शिक्षा टाळतो आणि लानत पोटभर करतो. या मुलीचा सख्खा भाऊ चौकशीच्या पूर्ण विरोधात होता, आणि बहिणीशी एका ताटावर जेवतही नव्हता.

"दवा आहे, दारू थोडीच" असेही एक वाक्य त्या घरात ऐकू आले. नशा आणणारी प्रत्येक वस्तू खमरमध्ये मोडते हे आपल्याला ठाऊक आहे. दुखणेकऱ्याला डॉक्टरने दिलेली तीच वस्तू रहमत असते, हेही तितकेच खरे. खारघरला टाटांचे कर्करोगाचे केंद्र आहे. ज्यांच्या घरी असा आजार होऊन गेला आहे त्यांना मॉर्फिनची एक गोळी रात्र कशी पालटते ते सांगायला नको. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली ती अशा पेशंटना हे औषध सुलभ मिळावे म्हणून. कपाटाला कुलूप हवे. पण भीतीपोटी कपाटच रिकामे ठेवणारे दवाखाने मला दुसऱ्या टोकाचे वाटतात.

वैद्यकाच्या हातावर देखरेख ठेवणे आपल्या इतिहासाला नवे नाही. हिजरी ३१९ म्हणजे इसवी सन ९३१ मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने पेशंट दगावला. खलीफा मुक्तदिरने हुकूम काढला की सिनान बिन साबित यांनी परीक्षा घेऊन परवानगी दिल्याशिवाय कुणी उपचार करायचे नाहीत. आठशे साठहून जास्त वैद्य परीक्षेला बसले, असे इतिहासकार लिहितात. त्या हुकुमात मला महत्त्वाचे वाटते ते हे की एका मृत्यूनंतर एका वैद्याला शहराबाहेर हाकलून प्रकरण मिटवले गेले नाही.

नर्सच्या नशेच्या बाबतीत अशी पद्धत सर्वांत आधी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने बसवली, १९८३ मध्ये. नंतर टेक्सास, कॅलिफोर्निया आणि बरीच राज्ये त्या वाटेने गेली. मुलायम वाट नाही ती. सापडलेली किंवा स्वतःहून आलेली नर्स आधी कामावरून बाजूला होते. तज्ज्ञ तपासतात. उपचार पूर्ण करावे लागतात. मग काही वर्षांचा लेखी करार होतो: न सांगता कधीही लघवीची तपासणी, सुरुवातीला नशेच्या औषधांच्या कपाटाला हात नाही, नाइट नाही, वरिष्ठांचा नियमित अहवाल, आणि याच वाटेने गेलेल्या इतर नर्सबरोबर बैठका. करार पाळला तर परवाना राहतो. मोडला तर प्रकरण मंडळाकडे आणि कारवाई. धाक आणि आधार एकाच कागदावर. आपल्या कौन्सिलने अशी वाट आखलेली नाही. आपल्याकडे एक तर नाव कापणे, नाहीतर काहीच न होणे. आणि जिथे शिक्षा एवढीच असते तिथे मैत्रीण मैत्रिणीचे नाव सांगत नाही. त्या वयस्क सिस्टरने आठ महिने पाहिले, आणि गप्प राहिली.

कायद्यात एक फट उजेडाची आहे, ती घरोघरी माहीत असावी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ. नशेच्या आहारी गेलेली व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाण जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यातून तिला सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. चोरीचा गुन्हा अर्थात वेगळा राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत, म्हणून उपचाराची माहिती गुप्त राहणे हा त्या व्यक्तीचा हक्क आहे. पुण्यात १९८६ पासून डॉ. अनिता अवचट यांनी उभे केलेले मुक्तांगण आहे, त्यात स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन १४४४६, मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा १४४१६. हे दोन क्रमांक आमच्या शाळेच्या फलकावर मी लिहून ठेवले आहेत. मुले कुणाकुणासाठी उतरवून घेतात ते मी विचारत नाही.

आयसीयूतल्या नोकरीचे काय झाले ते सांगायचे राहिले.

आपा आणि अम्मी यांच्यात दोन संध्याकाळी वाद झाला. "तुम्ही माझ्या लेकीचा निकाह होऊ देणार नाही," इथपर्यंत बोलणे गेले. आपा उठून जायला निघाल्या. तेवढा वेळ मुलगी भिंतीला टेकून बसली होती, घाम फुटलेला, नाक गळणारे, औषध सुटल्याची तलखी अंगात. ती म्हणाली, "अम्मी, मला नको पाठवू. तिथं पहिल्याच दिवशी चावी मिळेल."

त्यानंतर कुणी काही बोलले नाही. आपांनीच फोन करून त्या नर्सिंग होमला मुलगी येणार नाही म्हणून कळवले. वडिलांना कुवेतला मुलीनेच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारले, उपचाराला पैसे किती लागतील. भावाने ईदेपर्यंत अबोला धरला.

ती उपचाराला गेली. कुठे ते लिहीत नाही. परत आल्यावर पाचव्या महिन्यात एकदा पाय घसरला. ओळखीच्या एका दुकानातून झोपेच्या गोळ्या आणल्या, चिठ्ठीशिवाय. ते दुकानदाराने दिले कसे, हा आणखी एक विषय. दुसऱ्या दिवशी तिने आपांना स्वतः सांगितले आणि पुन्हा डॉक्टरकडे गेली. निर्व्यसनी होणे म्हणजे दहावीचा निकाल नव्हे, एकदा लागला की संपला, हे मला तेव्हा समजले.

आता ती एका छोट्या रुग्णालयाच्या लसीकरणाच्या खोलीत काम करते. तिथल्या डॉक्टरीणबाई आपांच्या जुन्या ओळखीच्या. कामावर घेण्याआधी त्यांना सगळे खरे सांगितले. आपांनी वहीच्या पानावर हाताने करार लिहिला, फ्लोरिडाचे नावही न ऐकता: नाइट नाही, दुखण्याची इंजेक्शने असलेल्या कपाटाला हात नाही, कधीही तपासणी, महिन्याच्या पहिल्या तारखेला डॉक्टरीणबाईंशी बोलणे. खाली तिघींच्या सह्या. एक वर्षाची मुदत आहे, सात महिने झाले. पगार आधीच्या निम्मा. मोहल्ल्यात अम्मी अजून सांगते की मुलीला नाइट झेपत नव्हती म्हणून नोकरी बदलली. त्यात खोटेही काही नाही म्हणा.

त्या बाबांचा प्रश्न मात्र आपांनी सोडला नाही. मुलीने जुन्या रुग्णालयाला पत्र लिहायचे ठरवले: अमुक तारखांना रजिस्टरमधल्या माझ्या नोंदी खोट्या आहेत, पेशंटना औषध कमी मिळाले किंवा मिळाले नाही, कृपया त्यांच्या घरच्यांना कळवावे आणि नियमाप्रमाणे कौन्सिललाही कळवावे. ओळखीच्या वकिलांनी बजावले की हेच पत्र चोरीच्या खटल्यात तिच्याविरुद्ध पुरावा होऊ शकते. तिने चार दिवस घेतले. मराठीत लिहिलेला कच्चा मसुदा माझ्याकडे तपासायला आणला, शाळेत निबंध आणायची तसाच. ऱ्हस्व-दीर्घ दोन ठिकाणी सुधारले, बाकी एक शब्द बदलला नाही.

रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या त्या पत्राची पोच मार्चमध्ये आली, शिक्क्यासकट. उत्तर अजून आलेले नाही. आपा दर शुक्रवारी विचारतात.